बाहेरची ओळ

बस्त्यावदादांना ‘हो’ चालत नसे. जेवलात का, पाऊस येईल का, असल्या प्रश्नांना कुणी हो म्हणावं की नाही म्हणावं, त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण चाकाजवळ उभं राहून कुणी ‘हो’ म्हटलं, की ते हातातला पाना खाली ठेवत, चार पावलं मागं सरत आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसत. समोरचा माणूस पूर्ण वाक्य बोलेपर्यंत काम बंद.

आमची पहिली भेट याच ‘हो’वरून बिघडली. मी विरारला एका बोअरवेलवाल्याकडं कामाला आहे. साइट बघणं, माणसं हाकणं, गाड्यांची दुखणी निस्तरणं हे माझं काम. मालकाच्या दोन्ही बोअरगाड्या लष्कराच्या लिलावातून आलेल्या. अशा गाड्यांना आमच्याकडं डिस्पोजलच्या गाड्या म्हणतात. दणकट असतात, डोंगरावर चढतात, फक्त त्यांची चाकं नेहमीच्या टायरवाल्याला उमगत नाहीत. हायवेवरच्या तीन दुकानांनी आमचं चाक टेम्पोतून उतरवूही दिलं नाही. चौथ्यानं सांगितलं, भुईगावला बस्त्यावकडं न्या, नाहीतर समुद्रात टाका.

गल्लीबोळ विचारत आम्ही पोचलो. घरासमोर पांढरा क्रूस, मागं केळीची वाडी, वाडीच्या कडेला विहीर आणि पत्र्याची शेड. शेडमधून साठीकडं झुकलेला एक बारकासा माणूस बाहेर आला. खाकी अर्धी चड्डी, बनियन, आणि चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. त्यानं चाकाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “हवा काढलीय?”

मी म्हटलं, “हो.”

तो जाऊन कठड्यावर बसला. मला वाटलं, चहाची वेळ असेल. दहा मिनिटं गेली. शेवटी मी म्हटलं, “दादा, आम्हाला वेळ नाहीये.”

“मला हाय,” ते म्हणाले. “‘हो’ नको, बोअरवाले. काय केलं ते सांगा.”

“अहो, हवा काढली.”

“कोनी काढली?”

“ड्रायव्हरनं.”

“मग त्याला बोलू दे.”

आमचा शिवराम ड्रायव्हर डोकं खाजवत पुढं आला. त्यानं व्हॉल्वची पिन काढायला हवी होती. त्यानं ती नुसती दाबून धरली होती आणि फुसफुस थांबल्यावर हवा संपली असं समजून सोडून दिली होती. दादांनी पिन काढली, तशी चाकातून अशी काही हवा सुटली की टेम्पोत बसलेलं कुत्रं उडी मारून पळालं. मी देशावरचा माणूस. चूक कबूल करायला आम्हाला जरा वेळ लागतो. मी म्हटलं, “थोडीच तर राहिली होती.”

“थोडी पुरते,” दादा म्हणाले, आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं नाही. मला राग आला होता, तो आठवडाभर टिकला. पण पुढं अठरा वर्षं मी त्यांच्याकडं जात राहिलो.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “चाकाला आधी विचारायचं, तू कोन?” आणि हे विचारणं म्हणजे खरोखरच विचारणं असे. चाक आडवं टाकायचं, सभोवार फिरायचं, लोखंडी पत्रीनं रंग खरवडायचा. लष्कराच्या गाडीवर वर्षानुवर्षं हिरव्या रंगाचे इतके थर चढलेले असतात की त्याखाली सगळी चाकं सख्खी भावंडं दिसतात. दादा खरवडत खरवडत त्यांची कुळी शोधत. काही चाकांना कडेला रिंग असते. ती रिंग टायरला आत धरून ठेवते आणि हवेच्या जोरावर स्वतः बसून राहते. तिच्यात फट दिसली, गंज दिसला, की दादा ते चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय त्यात हवा भरत नसत. आणि भरताना स्वतः विहिरीच्या आड, हातात लांबलचक नळी. एका दलालानं एकदा दुसऱ्याच चाकाची रिंग आणून, ठोकून बसवा म्हणून गळ घातली. दादांनी ती रिंग दोन वेळा फिरवून बघितली आणि त्याच्या हातात परत दिली. “हिची सोयरीक ह्या घरात नाय जमत,” म्हणाले. दलालानं बरीच मनधरणी केली. दादांनी त्याला केळीचा एक घड दिला आणि वाटेला लावलं.

पण त्यांना खरी भीती होती ती दुसऱ्या जातीच्या चाकाची. या चाकाला रिंग नसते. ते दोन अर्ध्या भागांचं असतं, दोन थाळ्या पोटाला पोट लावून ठेवाव्यात तसं, आणि ते दोन भाग नटबोल्टांनी एकमेकांना आवळलेले असतात. त्यामुळं चाकावर नटांच्या दोन ओळी दिसतात. मधली ओळ चाक गाडीला धरते. ती खोलली तर चाक गाडीपासून सुटतं, एवढंच. बाहेरची ओळ चाकाला चाकापाशी धरते. आत हवा असताना ती खोलली, तर वरचा अर्धा भाग समोरच्या माणसाला घेऊन जातो. ज्यानं जन्मभर हायवेवर ट्रकची चाकं काढली, त्याला एकच ओळ माहीत असते. तो दोन ओळी बघतो आणि समजतो की लष्करवाल्यांनी जरा जास्तच मजबूत केलंय. दादा हाती आलेल्या अशा प्रत्येक चाकाची बाहेरची ओळ लाल रंगानं रंगवत. डबा आणि ब्रश शेडच्या दारातच टांगलेला असे. पिन काढल्यावरही ते व्हॉल्वमध्ये बारीक तार घालून बघत, कारण कधी कधी चिखल अडकून हवा आतच राहते. आणि ती पिन ज्यानं काढली त्यानंच काम संपेपर्यंत मुठीत धरायची, खिशात नाही. “खिशात घातलेली गोष्ट मानूस विसरतो,” असं त्यांचं म्हणणं.

आता जे मला अकरा वर्षांनी कळलं, ते आधीच सांगून टाकतो. कारण ते कळल्याशिवाय दादांचं काहीच कळत नाही.

दादांना एक धाकटा भाऊ होता, इनास. तो हायवेवर टायरच्या दुकानात कामाला होता. दादांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. त्यांनीच इनासला म्हटलं, दुसऱ्याकडं कशाला राबतोस, इथं ये. इनास आला आणि तिसऱ्या आठवड्यात गेला. डिस्पोजलच्या एका ट्रेलरचं चाक होतं. हवा असताना त्यानं बाहेरची ओळ खोलली. त्याच्यामागं बायको कार्मेलीन आणि सहा वर्षांचा सॅव्हिओ.

गावानं याचा एकच अर्थ लावला: इनास उतावळा होता. विचारलं नाही, बघितलं नाही, पाना घेतला आणि सुरू केलं. मोठा भाऊ एवढा सावकाश, एवढा जपून काम करणारा. त्याच्या शेजारी धाकट्याचा उतावळेपणा लोकांना लगेच पटला. गावाच्या तोंडी तो शब्द बसला. मोटरसायकलवर कुणी जोरात गेला, की ओट्यावरचं माणूस म्हणणार, “अरे, इनास होशील.” चुलीवरचं भांडं घाईत उचलून कुणाचा हात भाजला, तर “इनासगिरी कशाला करायची?” पुढं पुढं ज्या पोरांनी इनासला बघितलंही नव्हतं, तीही असं म्हणू लागली. एका माणसाच्या नावाचं असं झालेलं मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

मीही एकदा तसं बोललो. विनोद म्हणून. शिवरामनं घाईत जॅक काढला, तेव्हा मी म्हटलं, “शिवराम, तू भुईगावचा इनास व्हायला निघालास.” दादा शेजारीच होते. त्यांनी शिवरामला चहा आणायला पाठवलं आणि मला शेडच्या मागं नेलं.

“मी विहिरीवर हात धूत होतो,” त्यांनी सांगितलं. “तिथून ओरडून विचारलं, हवा बघितली काय रे? तो बोलला, बघितली.”

मला पुढचं लगेच कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, अगदी चाक समजावतात तसं. टायरच्या दुकानात गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, जरा हवा बघ. म्हणजे हवा मोज आणि कमी असली तर भर. इनासनं आठ वर्षं दिवसातून शंभर वेळा हेच ऐकलं होतं. त्यानं हवा बघितली होती. कमी होती, म्हणून भरली होती. दादांना विचारायचं होतं, हवा गेलीय का ते बघितलंस का. दोघंही खरं बोलले होते.

“मग मी बोललो, बाहेरची ओळ खोल. मी बोललो. त्याला ती ओळ कसली ते ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं म्हनून त्याने पाना लावला.”

“मग लोक जे म्हणतात ते...”

“लोक धावत आले ना. सगळं अंगन भरलं. कोनीतरी मला विचारलं, न विचारताच खोलला काय रे त्याने? मला काही ऐकू येत नव्हतं. कान बंद झाले होते. मी बोललो, हो.”

त्यांनी शेडच्या पत्र्यावरचा गंज नखानं खरवडला. “नंतर ऐकू यायला लागलं. पन तोवर झालं होतं. पोलिसांनी विचारलं, तेव्हा पन तेच बोललो.”

फादरना त्यांनी सांगितलं होतं. फादरनी त्यांना क्षमा दिली होती आणि म्हटलं होतं, आता जिला सांगायला हवं तिला सांग. तेच त्यांच्यानं होत नव्हतं. कार्मेलीनला हे सांगायचं, एवढी एकच गोष्ट त्यांच्या आयुष्यात करायची उरली होती, आणि रोज दुपारी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहत होती.

ती रोज दुपारी ताट घेऊन येई. दोन घरांमध्ये केळीच्या दोन रांगांचं अंतर. ताटावर दुसरं ताट पालथं घातलेलं, वर फडकं. तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी, कधी सुके बोंबील, सणाला तळलेले गोड फुगे. कठड्यावर ताट ठेवून ती म्हणे, “भावजी, ताट.” एवढंच. दीर विधवा भावजयीला सांभाळतो म्हणून गाव दादांचं नाव घेई. सॅव्हिओच्या शाळेची काळजी त्यांनीच वाहिली. ती मात्र सॅव्हिओला वाढवताना एकच धडा देत राहिली: बापासारखा उतावळा होऊ नकोस. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. दादा ताट उघडून बसलेले असत आणि केळीपलीकडून तिचा आवाज येई. दादांचा घास तसाच हातात राही.

मी त्यांना एकदा विचारलं, घाबरता कशाला? ती काय करेल फार तर?

“ताट बंद होईल,” ते म्हणाले.

मला तेव्हा ते उत्तर फार क्षुल्लक वाटलं. आता वाटत नाही. त्या माणसाला जगात तेवढं एकच घर होतं.

तेव्हापासून त्यांचं ते ‘हो’ नाकारणं बघताना माझा जीव खालीवर होई. लोक हसत, त्याचा त्रास होई. मुंबईचे एक हौशी गृहस्थ होते. त्यांनी लष्कराची जुनी गाडी विकत घेऊन चकचकीत केली होती, आणि ती लग्नांना, शूटिंगला भाड्यानं देत. ते आले तेव्हा हातात विजेवर चालणारं नट खोलायचं यंत्र होतं. दादांनी विचारलं, हवेचं काय केलं? ते म्हणाले, “येस, येस.” दादा कठड्यावर. गृहस्थांना वाटलं, म्हाताऱ्याला इंग्रजी समजलं नाही. त्यांनी हिंदीत “हां, हां” म्हटलं. दादा तसेच. अर्ध्या तासानं त्या गृहस्थांनी चाकाशेजारी उभं राहून शाळेतल्या मुलासारखं पूर्ण वाक्य म्हटलं, पिन मुठीत धरून. जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “माणूस जरा सटकलेला आहे, पण हात चांगलाय.” मी म्हटलं, असेल. काय सांगणार?

आणि देवळातली ती गोष्ट. शेजारच्या एका बाळाच्या बाप्तिस्म्याला दादा धर्मपिता होते. मला बोलावलं होतं, म्हणून मी मागच्या बाकावर बसलो होतो. आपल्याला त्यातलं काही कळत नाही, लोक उठले की उठायचं. फादर विचारतात, तुम्ही सैतानाचा त्याग करता काय? आईबापांनी आणि धर्म-आईबापांनी करतो म्हणून उत्तर द्यायचं असतं. सगळे एका सुरात ‘होय’ म्हणाले. मग एकटे दादा खणखणीत आवाजात म्हणाले, “मी बस्त्याव, सैतानाचा त्याग करतो.”

फादर तरुण होते, हसले. म्हणाले, “आजोबा, ‘होय’ पुरे आहे.”

“फादर, ‘होय’वर भरवसा ठेवू नये,” दादा म्हणाले.

सगळं देऊळ हसलं. कार्मेलीनही तोंडाला पदर लावून हसत होती. ती हसताना मी तेव्हाच पाहिली. दादांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि लगेच खाली घातली.

गेल्या वर्षी सॅव्हिओला मुलगा झाला. सॅव्हिओ आता विमानतळावर नोकरीला आहे, वागायला गोड, बोलणं मुंबईचं. त्यांच्यात पहिल्या नातवाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची पद्धत आहे. मी पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो होतो. अंगणात सगळे बसले होते, दादाही. कुणीतरी नावाचा विषय काढला. सॅव्हिओ म्हणाला, “इनास नको यार. शाळेत पोरं लाइफ हराम करतील त्याची. आख्ख्या गावात जोक आहे तो.”

मला वाटलं, आई त्याला दटावेल. कार्मेलीन बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट करत होती. ती म्हणाली, “नकोच ते नाव. त्याच्या एका घाईने माझं सगळं गेलं. पोराच्या डोक्यावर कशाला ठेवायचं?”

दादा उठून शेडकडं गेले. मी पेढा खाल्ला आणि निघालो. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “बोअरवाले, उद्या चार वाजता या. चाक नाय. नुसतं उभं राहायचं.”

कशासाठी, ते मला कळलं. मी आढेवेढे घेतले. म्हटलं, घरची गोष्ट, मी परका माणूस.

“परकाच पायजे. घरचा असला तर मी कच खाल्ल्यावर तोच मला पानी पाजून परत नेईल. तुमच्यासमोर मला लाज वाटेल.”

मी गेलो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पूर्ण विजार घातलेली मी प्रथमच बघत होतो. कार्मेलीन अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. दादा तिच्यासमोर उभे राहिले, मी क्रूसाजवळ थांबलो. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, हे लपवत नाही.

“कार्मेलीन,” ते म्हणाले, “इनास उतावळा नव्हता.”

तिनं वर बघितलं नाही. ते बोलत राहिले. हवा बघितली काय, असं आपण कसं विचारलं. त्याला टायरच्या दुकानात त्याचा काय अर्थ शिकवला होता. बाहेरची ओळ खोल, असं कोण म्हणालं. अंगण भरल्यावर कुणी काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं. एकही शब्द त्यांनी गाळला नाही. इनास गेल्यापासून तेवीस वर्षं ते वाक्य जुळवत बसले असणार. शेंगा सोलणारे तिचे हात मध्येच कधीतरी थांबले होते.

“म्हंजे त्याने विचारलं नाय असं नाय,” ती म्हणाली. “तुम्ही विचारलं. आनि त्याने खरं सांगितलं.”

“हो.”

“नीट सांगा, भावजी.”

दादांनी श्वास घेतला. “मी विचारलं. त्याने खरं सांगितलं. मी सांगितलं ते त्याने केलं.”

तिनं हातातली शेंग टोपलीत टाकली. मग म्हणाली, “मी त्याला शिव्या घातल्या. इतकी वर्षं. कबरीवर मेनबत्ती लावताना पन बोलले, तुला जरा थांबता आलं नाय काय रे.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर ऐकणं सोपं गेलं असतं. “पोराला बापाची लाज वाटायला मी शिकवलं. तुम्ही तिथे बसून जेवत होता.”

ती उठून घरात गेली. मला वाटलं, संपलं. दादा अंगणातच खाली बसले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, या विचारात असतानाच ती बाहेर आली. देवळात जायची साडी नेसली होती, पायात चपला होत्या.

“चला,” ती म्हणाली.

“कुठे?”

“त्या दिवशी अंगनात कोन कोन होतं, तुम्हाला आठवतं ना? तुम्ही हो बोलला ते ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्या सगळ्यांना सांगायचं. जे राहिले नाय, त्यांच्या पोरांना सांगायचं.”

दादांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, त्यांनी म्हणावं, कार्मेलीन, माझं वय झालंय, उद्या जाऊ, फादरना रविवारच्या मिस्सेत सगळ्यांना सांगायला सांगू. ते तसं काही म्हणाले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तिच्यामागं निघाले.

दादा यंदा पावसाळ्यानंतर गेले. झोपेतच. मी वाडा तालुक्याच्या पुढं साइटवर होतो, निरोप मिळाला तोवर माती झाली होती. पुढच्या आठवड्यात सॅव्हिओ भेटला. त्याला मी विचारलं, ताटाचं काय झालं होतं? तो म्हणाला, “ताट एक दिवस चुकलं नाही, अंकल. मम्मी शेवटच्या दिवसापर्यंत नेऊन ठेवायची. पण त्यांच्याशी बोलली नाही. ‘भावजी, ताट’ हेसुद्धा नाही. ठेवायची आणि यायची.” मी विचारलं, ते गेले तेव्हा रडली का? तो म्हणाला, खूप. बाळाचं नाव इनासच ठेवलंय. घरात मात्र सगळे त्याला रायन म्हणतात, कारण सॅव्हिओच्या बायकोला ते आधीपासून आवडत होतं. शेड बंद आहे. आमच्या चाकासाठी मी आता भिवंडीला जातो. तिथला माणूस विचारतो, हवा काढली? मी पूर्ण वाक्य बोलतो, आणि तो माझ्याकडं वेड्यासारखा बघतो.

तर दादा मला शेवटचे दिसले ते त्या संध्याकाळीच.

मी मोटरसायकल हातानं ढकलत त्यांच्यामागून चाललो होतो. जावंसं वाटत नव्हतं आणि थांबवतही नव्हतं. पहिल्या घरचा म्हातारा म्हणाला, “झालं गेलं बस्त्याव, आता कशाला उकरायचं?” कार्मेलीन म्हणाली, “तुम्ही काय ऐकलं ते बोलून दाखवा.” म्हाताऱ्याला ते बोलून दाखवावं लागलं. दुसऱ्या घरात टीव्ही चालू होता, तिनं तो बंद करायला लावला. तिथं दादांनी थोडक्यात आटपलं, तर ती म्हणाली, “ओळ कोनी खोलायला सांगितली, ते राहिलं.” दादांनी ते सांगितलं. तिसऱ्या घरची बाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. तिच्या नवऱ्यानंच त्या दिवशी तो प्रश्न विचारला होता. चौथ्या घरापासून दादांचा आवाज बसला होता. मला बाहेरून फक्त ओठ हलताना दिसले.

पाचव्या घरानंतर दादा गल्लीच्या वळणावर एका कुंपणाच्या दगडावर बसले. गुडघा धरला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. देवळाची संध्याकाळची घंटा झाली. कार्मेलीन थांबली, तिनं क्रूस केला, प्रार्थना पुटपुटली. दादांनीही बसल्या बसल्या केली.

“अजून किती?” त्यांनी विचारलं.

“सात घरं.”

तिनं हात पुढं केला नाही. निघूनही गेली नाही. चार पावलांवर, पाठ करून उभी राहिली. ते उठले, तसं तिला न बघताच ते कळलं आणि ती चालू लागली. मी गाडी वळवली आणि एकदा मागं पाहिलं. ती पुढच्या घराचं दार वाजवत होती, आणि दादा पायरीवर वाकून चपला काढत होते.